'रेस्क्यू मी' पाहिलीय का कुणी? (आणि आपल्याकडे फायरमनवर मालिका का नाही?)

नदीपात्रातला

गेले दोन महिने रात्री भांडी घासून झाली की एकच उद्योग: 'रेस्क्यू मी'. २००४ ते २०११ अशी सात सीझन अमेरिकेत चाललेली मालिका. म्हणजे मी तिच्याकडे वीस वर्षं उशिरा पोचलोय. चुलतभावाने घर बदलताना डीव्हीडींचा गठ्ठा हातात ठेवला, "टाकून देणार होतो, तू बघ." प्लेअर माळ्यावरून काढून चालू करण्यात चार दिवस गेले.

गोष्ट थोडक्यात. टॉमी गॅव्हिन (डेनिस लिअरी) न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात. ११ सप्टेंबर २००१ ला जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यात त्या दलाची ३४३ माणसं गेली, त्यात टॉमीचा चुलतभाऊ आणि जिवलग दोस्त जिमी. मालिका सुरू होते तेव्हा या गोष्टीला जवळपास तीन वर्षं झालीत. टॉमी बायकोपासून वेगळा झालाय, पण राहतो तिच्याच घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. दारू कधी सोडतो, कधी धरतो. आणि मेलेला जिमी त्याला भेटत राहतो. भूत आहे, पण घाबरवत बिबरवत नाही. गप्पा मारतं, टोमणे मारतं, मधूनच टॉमीचं खोटं पकडतं.

पहिल्याच भागात टॉमी नव्या भरतीच्या पोरांसमोर भाषण ठोकतो. मी किती शूर, माझ्या ओळखीचे किती गेले, वगैरे. मग जिमीचं सांगतो: त्याच्या आईवडिलांना परत काय मिळालं, तर एक बोट. पोरं गप्प. मी पण रिमोट खाली ठेवला.

आमच्या घरापासून एरंडवण्याचं अग्निशमन केंद्र जवळ आहे. नळस्टॉपच्या सिग्नलला बंब घंटा वाजवत उभा, आणि पुढचा दुचाकीवाला आरशात बघून शांतपणे हलत नाही, हे दृश्य मी आयुष्यभर बघतोय. त्या बंबात बसलेल्यांच्या घरी काय चालत असेल, हा प्रश्न मात्र या मालिकेमुळे पहिल्यांदा पडला. मराठीत पोलिसांवर मालिका झाल्या, डॉक्टरांवर झाल्या, वकिलांवर झाल्या. फायरमनवर का नाही?

(पाचव्या सीझनपर्यंत पोचलोय. कृपया शेवट फोडू नका.)

चहाबाज

कुठे बघायला मिळेल? डीव्हीडी वगैरे ऐकून डोळे पाणावले.

चिकित्सक

धागा चांगला आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

एक. टॉमीचं पथक '६२ ट्रक' आहे. आपण बंब म्हटलं की एकच गाडी डोळ्यासमोर येते. न्यूयॉर्कमध्ये इंजिन वेगळं आणि ट्रक वेगळा. पंप आणि होज इंजिनावर, म्हणजे पाणी मारायचं काम त्यांचं. ट्रकवर शिड्या, कुऱ्हाडी, दार उचकटायची हत्यारं. ट्रकवाल्यांनी दार फोडायचं, धूर बाहेर जायला वाट करून द्यायची आणि धुरात चाचपडत माणसं शोधायची. पाणीवाला निदान आग विझलेली बघून घरी जातो. शोधणाऱ्याला जी माणसं सापडली नाहीत ती आठवतात. टॉमीला दिसणारी मेलेली माणसं त्याच्या धंद्याचा हिशोब आहेत. हे लेखकांनी विचार करून केलंय, असं माझं मत.

दोन. लिअरीने हे हवेतून आणलेलं नाही. ३ डिसेंबर १९९९ ला मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावात, त्याच्या स्वतःच्या गावात, बंद पडलेल्या शीतगृहाला आग लागली. आत बेघर माणसं राहतात असं कळलं म्हणून दोघे जण शोधायला शिरले आणि धुरात वाट चुकले. बिनखिडक्यांची भुलभुलैया इमारत. त्यांना शोधायला आणखी गेले, तेही परतले नाहीत. सहा गेले. बेघर जोडपं आधीच बाहेर पडलं होतं. शेवटी तिथला अधिकारी जिन्याच्या दारात आडवा उभा राहिला आणि त्याने आपल्याच माणसांना आत जाऊ दिलं नाही. गेलेल्या सहांत लिअरीचा चुलतभाऊ होता आणि एक बालमित्र. पुढच्याच वर्षी लिअरीने अग्निशमन दलांना साधनं आणि प्रशिक्षण मिळावं म्हणून संस्था काढली. मालिका त्यानंतरची.

आणि शेवटच्या भागात टॉमीच्या पथकातला लू मरतो. त्यामुळे सुरुवातीपासून लूकडे नीट लक्ष द्या.

नदीपात्रातला

@चिकित्सक अहो!!! काय हे!

चिकित्सक

२०११ साली संपलेल्या मालिकेचा कसला शेवट फोडायचा? उद्या कुणी म्हणेल भीष्म पडतो ते सांगू नका.

चहाबाज

😂 मी लूला ओळखत पण नाही आणि मला वाईट वाटतंय.

तिखटमीठ

मी तिसऱ्या सीझनला सोडली. कारण सांगते, कारण असल्या धाग्यांवर ते कुणीच सांगत नाही.

२००६ च्या त्या सीझनमध्ये टॉमी वेगळ्या झालेल्या बायकोवर जबरदस्ती करतो. आणि दृश्य असं घेतलंय की शेवटी तिला ते चाललं, असंच वाटावं. तिकडेही तेव्हा बराच गदारोळ झाला होता. एकूणच या मालिकेतल्या बायका एक तर रडतात, नाहीतर भांडतात, नाहीतर टॉमीच्या गळ्यात पडतात. जिमीच्या विधवेचंही तेच केलंय. पुरुषांच्या दुःखाला सात सीझन आणि बायकांच्या दुःखाला 'वेडसर' हे विशेषण.

खिडकीतली_जागा

पण ताई, टॉमी वाईटच माणूस आहे, हेच तर दाखवायचंय ना? नायक आदर्शच हवा असा आग्रह कशाला?

तिखटमीठ

नायक कितीही नासका असू दे, माझी तक्रार नाही. कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे ते बघा. टॉमी दारू पिऊन गाडी चालवतो तेव्हा मालिका त्याला सोडत नाही. त्या दृश्यात सोडते.

नदीपात्रातला

@तिखटमीठ खरं आहे. तो भाग बघून मीही आठवडाभर पुढचा लावला नव्हता. मग पुन्हा लावला, तो त्या जेवणाच्या टेबलासाठी. केंद्रातलं स्वयंपाकघर, चोवीस तासांची पाळी, आळीपाळीने रांधणं, आणि एकमेकांची इतकी घाण टिंगल की बायकोने आवाज कमी करायला लावला. कुणी मनातलं काही बोलायला तोंड उघडलं की पाच जण तुटून पडतात. लू लपून कविता करतो, ११ सप्टेंबरवर. आगीत शिरणारा गडी वहीचं पान कुणी बघू नये म्हणून घाबरतो. मला तो माणूस फार ओळखीचा वाटला. (तो मरतो हे आता कळलंच आहे. आभारी आहे.)

सदाशिवपेठी

आमच्या लहानपणी बंब म्हणजे आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा. सकाळी पहिली आंघोळ आजोबांची आणि शेवटची आमची, कोमट पाण्याची. असो. अवांतर झालं.

मालिका पाहिलेली नाही. अनुभव सांगतो. गेल्या संक्रांतीनंतर आमच्या वाड्यामागच्या पिंपळावर घार मांज्यात अडकली. पंख उलटा. १०१ ला फोन केला. वाटलं हसतील. पंचवीस मिनिटांत गाडी आली, पण बोळात शिरेना, कारण दोन्हीकडे स्कूटरी. जवानांनी शिडी खांद्यावर घेतली आणि चालत आले. एक पोरगा, विशीतला असेल, वर चढला. घारीने त्याच्या मनगटाला चोच मारली तरी त्याने पंख हाताखाली दाबून एकेक फेरा कापला. खाली शंभरभर माणसं मोबाईल वर करून उभी. आणि आमचे एक शेजारी त्या तांडेलाला, म्हणजे जवानांच्या म्होरक्याला, विचारत होते, "गाडी किती वेळ ठेवणार आहात? मला स्कूटर काढायचीय."

चहा विचारला तर नको म्हणाले. पुढची वर्दी होती, कुणाचं तरी लहान मूल आतून कडी लावून बसलं होतं.

भवानीपेठेतली

एरवी नुसती वाचक आहे. सदाशिवपेठी काकांनी 'तांडेल' आणि 'वर्दी' हे शब्द लिहिले म्हणून लॉगिन केलं.

माझे बाबा फायर ब्रिगेडमध्ये होते. फायरमन म्हणून लागले, तांडेल म्हणून निवृत्त झाले. आमच्या घरात 'वर्दी' म्हणजे गणवेश नव्हे. वर्दी म्हणजे आलेला कॉल. आगीची वर्दी, झाडपडीची वर्दी, पाण्यातली वर्दी. शाळेत बाईंनी 'वर्दी' शब्दाचं वाक्य करायला सांगितलं, मी लिहिलं, "काल रात्री बाबांना तीन वर्द्या आल्या." बाईंनी लाल फुली मारली.

मालिका पाहिलेली नाही, पण वर जे लिहिलंय त्यावरून सांगते. घरी आग दिसत नाही. घरी सवयी दिसतात.

कुणाच्याही लग्नाला गेलं की बाबा आधी मांडवाची कनात चिमटीत धरून बघणार, मग जनरेटर कुठे ठेवलाय ते बघणार, मग नवरामुलगा. नाट्यगृहात कडेची खुर्ची. रात्री गॅसचा रेग्युलेटर आई बंद करायची, मग बाबा तो उघडून पुन्हा बंद करायचे. आई चिडायची, "माझ्यावर विश्वास नाही का?" ते काहीच बोलायचे नाहीत. चपला दाराकडे तोंड करून, एकमेकींना चिकटवून. अजूनही.

आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा. नातेवाइकांना वाटायचं परंपरा असेल. परंपरा कसली, अनंत चतुर्दशीला बाबा विसर्जन घाटावर असायचे, लाइफ जॅकेट घालून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. लक्ष्मीपूजनाला तर विचारूच नका. शहरातले सगळे रॉकेट उडवत असताना आम्ही आईसोबत फुलबाज्या लावायचो, त्यासुद्धा पाण्याची बादली शेजारी ठेवून.

आता एकच प्रसंग. मी तिसरीत, भाऊ पहिलीत. एका शनिवारी बाबा पाळीवरून उशिरा आले. जेवले नाहीत. रविवारी पहाटे साडेपाचला आम्हाला दोघांना उठवलं आणि सायकलवर डबलसीट-ट्रिपलसीट करत टिळक तलावावर नेलं. आम्हाला पोहायला येत नव्हतं, कपडे आणले नव्हते, आईला सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्या सरांच्या हातात आम्हाला दिलं आणि स्वतः काठावर उभे राहिले, पूर्ण कपड्यांत, बुटांसकट. आम्ही रडत होतो, नाकातोंडात पाणी जात होतं. ते हलले नाहीत. त्यानंतर रोज, पावसाळा लागेपर्यंत. बूट कधी काढले नाहीत त्यांनी काठावर.

का ते मला बारा वर्षांनी कळलं, तेही त्यांच्याकडून नाही, त्यांच्या एका सहकाऱ्याकडून. त्या शनिवारी विहिरीतली वर्दी होती. दोन भावंडं. एक मुलगी, एक मुलगा.

चहाबाज

काही लिहिता येत नाहीये.

तिखटमीठ

@भवानीपेठेतली आईंबद्दल लिहाल का कधी? त्या रेग्युलेटरच्या भांडणात मला त्याच दिसतायत.

भवानीपेठेतली

आईचं वेगळंच. रात्री घंटेचा आवाज आला की ती बोटं मोजायची. किती गाड्या गेल्या ते. आम्ही केंद्राच्या जवळच राहायचो. एक गेली तर झोपायची. तीन गेल्या की उठून कुकर लावायची. रात्री दोनला वरणभात. बाबा पाच-सहाला यायचे तोवर गार झालेला असायचा, तो ते तसाच खायचे.

चिकित्सक

या पोस्टींनंतर माझी माहिती टाकायला संकोच वाटतोय, पण टाकतो.

आपल्याकडे १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकत्र. विझवायला गेलेले जवान आगीवर पाणी मारतायत तोवर स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीत हा दिवस, आणि तिथून २० तारखेपर्यंत सप्ताह.

काळबादेवीची आग तर अलीकडची, मे २०१५. मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी त्यात गेले, प्रमुख अधिकाऱ्यांसह. आपण दोन दिवस हळहळलो.

भवानीपेठेतली

१४ एप्रिलला सकाळी केंद्रात मानवंदना आणि मग लगेच जयंतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त. बाबा म्हणायचे, आमच्या दिवशी आम्हालाच डबल ड्युटी.

खिडकीतली_जागा

मालिका का नाही या मूळ प्रश्नावर. २०२४ मध्ये 'अग्नी' नावाचा हिंदी सिनेमा येऊन गेला, राहुल ढोलकियांचा, प्रतीक गांधी मुंबईचा फायर ऑफिसर. मला आवडलेली बाजू म्हणजे घरातली: मुलाला फायरमन बापापेक्षा पोलीस मामाचं कौतुक जास्त. पण तो सिनेमा. रोजच्या मालिकेला रोज आग कुठून आणणार? आपल्याकडे स्टुडिओत एक दिवाणखाना लावला की दोन वर्षं निघतात.

नदीपात्रातला

रोज आग लागतच नाही. 'रेस्क्यू मी'मध्येसुद्धा अर्धा वेळ माणसं टेबलाभोवती बसलेली असतात. भवानीपेठेतल्या ताईंनी वर जे लिहिलंय त्यात एक तरी ज्वाळा आहे का? दोन खोल्या, एक कुकर, एक रेग्युलेटर. दिवाणखान्याच्या बजेटात बसतं.

आणि या मालिकेत मला न पटलेली गोष्ट इथेच आहे. तिला घाई फार. टॉमीचा मुलगा दारुड्या ड्रायव्हरच्या गाडीखाली जातो, मग पोलीस असलेला भाऊ मारला जातो, मग चीफ स्वतःला गोळी घालतो. एका माणसाच्या वाट्याला इतकं घालतात की पुढे पुढे दुःख होईनासं होतं, नुसती मोजणी होते. पहिल्या सीझनचा संथपणा हवा होता.

चिकित्सक

सहमत. पण मोजणीबद्दल एक. ११ सप्टेंबरच्या त्या ढिगाऱ्यावर काम केलेले न्यूयॉर्कचे फायरमन पुढे धुरा-धुळीच्या आजारांनी जात राहिले, आणि २०२३ च्या सप्टेंबरात तो आकडाही ३४३ झाला. जेवढे त्या दिवशी, तेवढेच नंतर, बिछान्यात. मालिका संपली तेव्हा यातलं बरंच घडायचं होतं.

सदाशिवपेठी

@भवानीपेठेतली वडिलांना नमस्कार सांगा. आणि बोळातल्या स्कूटरींबद्दल सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला आहे. शेजारी येत नाहीत मीटिंगला.

नदीपात्रातला

@भवानीपेठेतली एक आगाऊपणा करू का? पहिल्या सीझनची डीव्हीडी तुमच्याकडे पोचवतो. प्लेअरसकट. बाबांना बघायची असेल तर.

भवानीपेठेतली

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व.

प्लेअर मिळाला. (केबल तुम्ही जुन्या बाजारातून आणलीत असं वाटतंय, पण चालली.) शनिवारी बाबांसोबत पहिला भाग लावला. त्यांना इंग्रजी जेमतेम, मी शेजारी बसून सांगत होते. शिव्या वगळून.

पहिली पंधरा मिनिटं फक्त तांत्रिक शेरे. शिडी छान आहे. बीए सेट (धुरात श्वास घ्यायचा पाठीवरचा संच) हलका दिसतोय, आमचा पाठ मोडायचा. हा गडी मास्क न लावता आत गेला, याला पहिल्या दिवशी हाकलला असता. टेबलाभोवतीची टिंगल बघून मात्र खुदकन हसले आणि म्हणाले, "हे बरोबर आहे." कोणकोण आठवले असतील कोण जाणे.

मग जिमी आला. मी सांगितलं, हा त्याचा चुलतभाऊ, हा गेलेला आहे. बाबांनी मान हलवली. भूत आहे का, कसं काय, असलं काही विचारलं नाही. आई आतून बाहेर आली आणि दारातच उभी राहून बघत होती. भाग संपला, बाबा उठले, रेग्युलेटर बघून आले, झोपले.

मला वाटलं, झालं. नको होतं लावायला.

काल संध्याकाळी चहा पिताना, पेपरातून डोके वर न काढता: "तो गेलेला भाऊ पुढच्या भागात येतो का?"

म्हटलं, येतो.

"मग लाव."